टाके ठेवा

१

जाहिरातीतल्या माणसाच्या पोटावरचा व्रण चोरीला गेला होता.

माणूस जागच्या जागी होता. बसथांब्यामागच्या भिंतीवर, मानेपासून गुडघ्यापर्यंत, डोकं नसलेला. अंगात काळी चड्डी, तिच्या रुंद पट्टीवर पांढऱ्या जाड दोऱ्याची शिलाई, खाली कंपनीचं नाव आणि त्याखाली एकच शब्द : ‘आतून’.

“काल होता,” आत्या म्हणाली. “इथे, उजवीकडे. पट्टीच्या दोन बोटं वर.”

सकाळचे आठ वाजले होते. एक पन्नाशीची बाई आणि शाळेच्या गणवेशातली एक मुलगी चड्डीच्या जाहिरातीला नाक लावून उभ्या आहेत, हे पाहून थांब्यावरच्या रांगेची मान एकदम वळली. एक आजोबा तर घसा साफ करत दुसऱ्या टोकाला जाऊन उभे राहिले. एरवी भिंगरी लाजून चूर झाली असती. पण ते गेल्या वर्षीपर्यंत. यंदा तिनं वक्तृत्व स्पर्धेत शाळेची ढाल आणली होती, आणि तेव्हापासून जगातलं कुठलंही दार आपल्यासमोर फार वेळ बंद राहणार नाही अशी तिची पक्की खात्री झाली होती. एका जागी दोन मिनिटं ठरत नाही म्हणून घरात पडलेलं नाव आता तिला शोभून दिसायला लागलं होतं.

आत्याचं इथं उभं राहणं मात्र कामाचं होतं. एका साप्ताहिकात ती पुरुषांच्या फॅशनच्या जाहिरातींचं परीक्षण लिहायची. सदराचं नाव ‘उलटी शिवण’. सूट घातलेला पुरुष जाहिरातीत कायम मनगटाचं बटण लावताना का दिसतो, घरून निघताना लावायला काय होतं, असं ती विचारायची. बनियन घातलेला माणूस नेहमी कुणाला तरी वाचवायला का धावत असतो, असंही. भिंगरीचे बाबा कुणी विचारलं तर “ताई कापडावर लिहिते” एवढंच सांगायचे आणि विषय बदलायचे.

या नव्या जाहिरातीची मोठी प्रत काल दुपारी परीक्षणासाठी घरी आली होती. आत्या ती पाहून जी गप्प झाली ती झालीच. संध्याकाळी ती इथं थांब्यावर आणि साप्ताहिकाच्या कार्यालयासमोर, दोन्हीकडे जाऊन पोस्टर पाहून आली. व्रण दोन्हीकडे होता. आज सकाळी टेबलावरची प्रत गायब. आणि इथं हे पोट, धुतल्या ताटासारखं स्वच्छ.

“भिंगरे, मला वेड लागलंय का गं?”

आत्यानं हे इतक्या हळू विचारलं की भिंगरीच्या अंगावर काटा आला. आत्या कधीच हळू बोलत नसे.

भिंगरीनं बोट जिभेला लावलं आणि सरळ त्या माणसाच्या पोटावर घासलं. रांगेतलं कुणीतरी “अगं बाई!” म्हणालं. तिनं पुन्हा घासलं. बोट काळवंडलं, मग तपकिरी झालं. कातडीच्या रंगाचा एक पातळ थर पोस्टरवरून सुटून तिच्या बोटावर आला, आणि त्याखालून एक तिरकी लाल रेघ वर आली. रेघेच्या दोन्ही बाजूंनी लालसर ठिपके.

तिनं मोजले. एका बाजूला सात, दुसऱ्या बाजूला सात.

हे टाके तिनं पूर्वीही मोजले होते.

२

काकाचे.

आत्याचा आणि बाबांचा धाकटा भाऊ. पोहायला शिकवायचा. चार वर्षांपूर्वी त्याचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं होतं. आठ दिवस तो अंथरुणावर पडून छताला शिव्या घालत होता. टाके काढायला जाताना अकरा वर्षांच्या भिंगरीला सोबत नेलं होतं, का, तर “मी रडलो तर हात धरायला कुणीतरी हवं.” तिनंच डॉक्टरांच्या कात्रीबरोबर मोठ्यानं मोजलं होतं. सात. तो सोमवार होता.

मंगळवारी काका घरातून बाहेर पडला तो परत आला नाही. नदीकाठी, बंद कापडगिरणीच्या मागे, त्याचा शर्ट आणि विजार घडी घालून ठेवलेली सापडली. बूट शेजारी. नदी तिथून दोन मैलांवर समुद्राला मिळते. काका सापडला नाही.

“तो माशासारखा पोहायचा,” घरी आल्यावर आत्या म्हणाली. तिच्या खोलीच्या भिंती जाहिरातींच्या कात्रणांनी भरलेल्या होत्या, आणि त्यांतल्या निम्म्याअधिक पुरुषांना डोकं नव्हतं. लहानपणी भिंगरी या खोलीत एकटी यायला घाबरायची. डोळे नसलेली माणसं जास्त बघतात असं तिला वाटायचं. आज पुन्हा वाटलं. “असा माणूस बुडत नाही. बुडवून घेतो. किंवा मग बुडालेलाच नसतो.”

“आत्या...”

“बुडवून घ्यायचं कारण मी दिलं होतं. तुला माहीत आहे.”

माहीत होतं. घरात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणीच बोलत नव्हतं. त्या मंगळवारच्या आधीच्या रविवारी ‘उलटी शिवण’मध्ये याच कंपनीच्या एका जाहिरातीवर आत्यानं लिहिलं होतं : ‘या धडापेक्षा दांडीवर वाळत घातलेली चड्डी जास्त जिवंत दिसते.’ वाचक खूश झाले. आठवड्याभरानं तो फोटो काढणारे मास्तर घरी आले आणि मान खाली घालून म्हणाले, की ते धड काकाचं होतं. घरी कुणाला न सांगता तो फोटोंसाठी उभा राहायचा. रविवारी अंथरुणावरून त्यानं स्टुडिओत फोन केला होता, साप्ताहिक वाचलंत का, एवढंच विचारलं. आवाज पार पडलेला होता. ऑपरेशननंतर मास्तरांनी त्याला पाहिलंच नव्हतं.

चार वर्षं आत्या त्या एका वाक्यासोबत जेवत होती, झोपत होती.

“पण आता बघ,” ती म्हणाली. डोळे तापल्यासारखे चमकत होते. “नवी जाहिरात. यंदाची चड्डी. आणि धड त्याचं. म्हणजे तो आहे! कुठंतरी आहे, पुन्हा उभा राहतोय. तीळ-केस पुसून इतकी गुळगुळीत केलेली जाहिरात, आणि तेवढा व्रण ठेवला. का? मला कळावं म्हणून. मग भीती वाटली असेल, म्हणून स्वतःच येऊन पुसून गेला. टेबलावरची प्रतही त्यानंच नेली. त्याला या घराची खिडकी कशी उघडते ते ठाऊक आहे.”

कोपऱ्यात तिची बॅग भरून ठेवलेली होती. टेबलावर संपादकांना पत्र होतं : ‘उलटी शिवण’ बंद करत आहे.

“उद्या सकाळच्या गाडीनं मी निघणार. शहर शहर फिरेन, एकेक स्टुडिओ पालथा घालेन.”

“किती दिवस?”

“सापडेपर्यंत.”

भिंगरीनं बॅगेची चेन उघडून पाहिली. आत्या गेली तर परत येणार नव्हती, हे तिला त्या बॅगेकडे बघूनच कळलं. त्यात काकाचा स्वेटर होता. आत्याचा एकही नव्हता.

“मला आज संध्याकाळपर्यंत वेळ दे,” ती म्हणाली. “संध्याकाळी मी सांगेन, काका आहे की नाही.”

“शाळा?”

“शाळेला आज माझं पोट दुखतंय.”

काल ती प्रत आल्यापासून आत्याच्या खोलीत तीन माणसं येऊन गेली होती. प्रत घेऊन आलेला डिझायनर. त्याच्या फोटोंची साफसफाई करणारी मुलगी. आणि संध्याकाळी, दर सोमवारसारखे चहाला आलेले मास्तर.

३

वाटेत भिंगरी साप्ताहिकाच्या कार्यालयावरून गेली. गेल्या वर्षी ते नव्या इमारतीत आलं होतं. समोरच्या भिंतीवर तोच बिनडोक्याचा माणूस. तिनं बोट ओलं करून घासलं. इथंही रंग निघाला, इथंही खालून सात-सात ठिपके वर आले.

पण डिझायनरच्या दुकानाबाहेर तेच पोस्टर होतं आणि त्यावरचा व्रण राजरोस दिसत होता. कुणी हातही लावला नव्हता. त्याच रस्त्यावर आणखी तीन पोस्टरं. तिन्हींवर व्रण.

म्हणजे गावात फक्त दोन व्रण पुसले गेले होते. आत्याच्या वाटेवरचे.

डिझायनर आत पुतळ्यांच्या घोळक्यात उभा होता आणि त्यांच्यापैकीच एक वाटत होता. एका पुतळ्याला चड्डी चढवता चढवता तो बोलत होता, आणि बोलणं थांबेल असं दिसत नव्हतं.

“आत्याबाईंनी पाठवलं? वा! काय लिहितायत? मारणार आहेत का? मारू देत. त्यांनी मारलं की खप वाढतो. चार वर्षांपूर्वी ती दांडीवरची चड्डी... अहाहा! लोक दुकानात येऊन विचारायचे, ती दांडीवरची द्या.”

“त्या जाहिरातीतला माणूस कोण होता?”

“कुठला माणूस?”

“दांडीवरच्या चड्डीतला.”

डिझायनरनं खरोखर आठवून पाहिलं. “धड होतं, बेटा. धडाला नाव कोण विचारतं?”

भिंगरीला त्याला पुतळ्यासकट ढकलावंसं वाटलं. तिनं हात पाठीमागे बांधले. “आणि या नव्यातला?”

“तेही धडच. आमचा नवा मॉडेल ऐन वेळी तापानं पडला. मी म्हटलं, जुन्या फोटोंतनं एखादं बरं अंग काढा आणि त्याला नवी चड्डी घाला. कॉम्प्युटरवर घालतात, दहा मिनिटांचं काम. चेहरा नको हे माझं तत्त्व आहे. चेहरा दिसला की गिऱ्हाईकाला वाटतं, ही त्याची चड्डी. नाही दिसला की वाटतं, माझी.”

“जुन्या फोटोंतनं?”

“मग काय.”

जुन्या. भिंगरीच्या कानात तो शब्द टाचणीसारखा टोचला.

“पोटावरचा व्रण का ठेवलात?”

“कसला व्रण?”

ती त्याला हाताला धरून बाहेर घेऊन गेली. डिझायनर आपल्याच पोस्टरसमोर उभा राहिला, वाकला, आणि त्याचा चेहरा पडला. “अरे देवा. हे काय आहे? हे कुणी ठेवलं?” त्यानं तिथल्या तिथे फोन काढून छपाईवाल्याला झापायला सुरुवात केली. अख्ख्या गावातली पोस्टरं उतरवा, नवी लावा, आजच्या आज!

ज्याला अख्ख्या गावातली पोस्टरं एका फोनवर उतरवता येतात, तो पहाटे ब्रश घेऊन बसथांब्यावर कशाला जाईल? भिंगरीनं मनातल्या मनात त्याच्या नावावर काट मारली.

फोन हातानं झाकून तो ओरडला, “मी तर प्रतीवर स्वच्छ लिहिलं होतं! लाल पेन्सिलनं! जा, विचार तिला!”

४

साफसफाई करणारी मुलगी दुकानाच्या माळ्यावर दोन मोठ्या पडद्यांसमोर बसली होती. जेमतेम पंचविशीची, डोळ्यांखाली काळं. पडद्यावर कुणाचा तरी खांदा होता आणि ती त्यावरचे तीळ एकेक करून घालवत होती. टिच. तीळ गेला. टिच. अजून एक गेला.

“हे बघ,” भिंगरीनं काही म्हणायच्या आतच तिनं ड्रॉवरमधनं एक छोटी प्रत काढून टेबलावर आपटली. “खालची सगळी आरडाओरड ऐकलीय मी. वाच. काय लिहिलंय?”

प्रतीच्या कडेला लाल पेन्सिलीत, ऐटबाज वळणदार अक्षरात दोनच शब्द होते : ‘टाके ठेवा!’

“मी तीन वर्षं इथं माणसांचे डाग पुसतेय. देवीचे वण, खरचटणं, जळलेलं, सगळं. आणि पहिल्यांदा कुणीतरी म्हणालं, टाके ठेवा. मला इतकं बरं वाटलं! म्हटलं, चला, साहेबांना एकदाचा खरा माणूस दाखवावासा वाटला. बाकी सगळं पुसलं, टाके ठेवले. सातच्या सात.”

भिंगरीनं पोस्टर आठवलं. काळ्या पट्टीवरचा पांढरा जाड दोरा. “अगं पण... ते चड्डीचे टाके म्हणत होते! शिलाईचे!”

मुलीनं प्रतीकडे पाहिलं. भिंगरीकडे पाहिलं. मग कपाळावर हात मारून घेतला. “मेले.”

म्हणजे कुणी निरोप पाठवला नव्हता. कुणी आत्याला हाक मारली नव्हती. एका शब्दाला दोन अर्थ होते, आणि शिंप्याच्या मनातला अर्थ फोटो पुसणारीच्या हाती पोचेपर्यंत डॉक्टरचा झाला होता. भिंगरीला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. उलट थंडीच वाजली. कुणी बोलावलं नाही, तरी काका आला होता.

“मूळ फोटो दाखवतेस?”

“मानेच्या वर काही नाही. आधीच कापलेला होता. मास्तरांनी स्टुडिओ बंद केला तेव्हा कंपनीची सगळी कामं एका डिस्कवर भरून दिली, त्यात मिळाला. तारीख विचारू नकोस. एकीकडून दुसरीकडे ओतताना सगळ्यांना एकच तारीख पडलीय.” तिनं फाइल उघडली. “गंमत म्हणजे हा ‘खराब’ नावाच्या फोल्डरमध्ये होता. अख्ख्या डिस्कवरचा सगळ्यात चांगला फोटो, आणि खराब!”

पडद्यावर ते अंग उजळलं. नवी चड्डी नसलेलं, जुन्या राखाडी चड्डीतलं. कातडी तेलानं चमकत होती. मागे धूसर विटा. मुलीनं व्रण मोठा केला, आणखी मोठा केला, इतका की तो पडदाभर एखाद्या वाटेसारखा पसरला. लाल, किंचित सुजलेला. बाजूच्या प्रत्येक ठिपक्यावर मुंगीच्या डोक्याएवढी ताजी खपली. दोरा मात्र कुठेच नव्हता.

भिंगरीनं टेबलाची कड घट्ट धरली.

“काय झालं?”

“काही नाही. एक सांग. छापलेल्या पोस्टरवर कुणी हातानं रंग लावून असा व्रण मिटवू शकतं?” तिनं बोट पुढे केलं. नखाच्या कडेला तो तपकिरी रंग अजून होता.

मुलीनं बोट दिव्याखाली धरलं. “बाप रे. तीन छटा मिसळल्यात. मी असते तर फाइलमध्ये मिटवलं असतं. ब्रश मी जन्मात धरलेला नाही. पूर्वी फोटोवर धुळीचे पांढरे ठिपके यायचे ना, ते असे बारीक ब्रशनं भरायचे. हे काम येणारी माणसं आता बोटांवर मोजण्याइतकी असतील.”

“तुझ्या माहितीतलं कुणी?”

मुलगी पडद्याकडे वळली. तिची नजर मास्तरांच्या त्या फोल्डरच्या नावाकडे गेली.

५

मास्तर संध्याकाळी सहाला आले. भिंगरीनं फोनवर एवढंच म्हटलं होतं, “आत्याची एक वस्तू हरवलीय. तुमच्याकडे असेल तर घेऊन या.” त्यांच्या हातात मोठं खाकी पाकीट होतं. ते खुर्चीत बसले, पाकीट मांडीवर ठेवलं आणि त्यावर दोन्ही हात.

आत्यानं चहा दिला. “मास्तर, ही पोरगी मला जाऊ देत नाहीये. तुम्हीच समजवा.”

“मी आधी बोलते,” भिंगरी म्हणाली. ढाल जिंकली त्या दिवशी सातशे लोकांसमोर तिचा आवाज हलला नव्हता. आत्ता समोर दोनच माणसं होती आणि तो कापत होता. “आत्या, पुसणारा काका नाही. कार्यालय गेल्या वर्षी नव्या जागी आलं. काका चार वर्षांपूर्वी गेला. तू रोज तिथनं जातेस हे त्याला ठाऊकच नाही. ते ठाऊक असलेल्या माणसानं, फक्त तुझ्या वाटेवरचे दोन व्रण पुसले. फोटोवर ब्रश चालवता येणाऱ्या माणसानं.”

आत्या मास्तरांकडे वळली नाही. ती भिंगरीकडेच बघत राहिली.

“आणि फोटो नवा नाही. चार वर्षांत व्रण पांढरा पडतो. हा लाल आहे, खपल्या ताज्या आहेत, पण दोरा नाही. म्हणजे टाके काढल्यानंतर लगेच काढलेला फोटो. टाके सोमवारी सकाळी काढले, मी तिथं होते, मी मोजले. सोमवारी दुपारी काका माझ्याशी पत्ते खेळला, संध्याकाळी झोपला. म्हणजे फोटो मंगळवारचा.” ती मास्तरांकडे वळली. “आणि मास्तर, तुम्ही म्हणाला होतात, ऑपरेशननंतर तुम्ही त्याला पाहिलंच नाही.”

खोलीतल्या सगळ्या बिनडोक्याच्या माणसांनी श्वास धरून ठेवल्यासारखं झालं.

मास्तरांनी कप खाली ठेवला. मग त्यांनी पाकीट उघडून कालची चोरलेली प्रत बाहेर काढली आणि तिच्यावर एक छोटा फोटो ठेवला.

तो मानेपाशी कापलेला नव्हता. पडक्या गिरणीच्या विटांसमोर काका उभा होता, कमरेभोवती साप्ताहिकाचं पान टॉवेलसारखं गुंडाळून. पानावर आत्याच्या सदराचं नाव वाचता येत होतं. डोळे मिटले होते, तोंड उघडं होतं. तो हसत होता. पोट धरून, टाके दुखतील म्हणून एका हातानं व्रण दाबून, हसत होता.

“हे वाक्य त्यानं मला तीन वेळा वाचून दाखवलं,” मास्तर म्हणाले. “फोनवर नाही. समोर, मंगळवारी. म्हणाला, ताईनं मला न ओळखता काय सोलून काढलंय बघा. आज असा फोटो काढा की तिला चांगलं लिहावं लागेल. मग सांगतो तिला, दोन्ही मीच.”

आत्याच्या तोंडातून एक आवाज आला. भिंगरीनं तो आधी कधी ऐकला नव्हता.

“गिरणीत शूटिंगला मनाई होती. कुंपण वाकवून आत गेलो होतो. अंगाला तेल फासलं होतं, चमक यावी म्हणून. काम झाल्यावर तो म्हणाला, असाच घरी गेलो तर ताई वासावरून पकडेल, धुऊन येतो. मी म्हटलं, अरे, कालच टाके निघालेत. म्हणाला, पाण्यात मला काय होणार?”

“आठ दिवस अंथरुणावर होता तो,” भिंगरी पुटपुटली. “जिन्यावरसुद्धा दम लागायचा.”

“मी दिवे गुंडाळत होतो. एकदा हाक आली. मास्तर, अशी. मला वाटलं, टॉवेल हवाय. मी म्हटलं, आलो. वायर गुंडाळायची राहिली होती थोडी. मी काठावर गेलो तेव्हा पाणी सपाट होतं.”

बाहेर रस्त्यावर बस येऊन थांबली. माणसं उतरली, निघून गेली.

“तुम्ही कुणाला सांगितलं नाही,” आत्या म्हणाली.

“माझा स्टुडिओ गेला असता. मला तुरुंगात टाकलं असतं. मी सामान उचललं आणि निघालो. त्याचे कपडे तसेच ठेवले. मग लोक विचारायला लागले, पट्टीचा पोहणारा, असं का केलं असेल? काहीतरी कारण हवं होतं, ताई. नाहीतर कुणीतरी गिरणीपर्यंत पोचलं असतं. आणि तुमचं ते वाक्य... ते समोर छापलेलंच होतं.”

म्हणून ते दर सोमवारी येत होते. आपण दिलेलं दुखणं कसं आहे ते पाहायला.

भिंगरीला वाटलं होतं, उकल झाली की आपण उडी मारू. सकाळपासून तिनं त्या उडीची वाट पाहिली होती. आता तिला फक्त मास्तरांसमोरचा कप हिसकावून घ्यावासा वाटत होता. आणि त्याहून जास्त, आपण सकाळी गुपचूप शाळेत गेलो असतो तर, असंही. आत्याकडे सकाळी एक जिवंत भाऊ होता. तो तिनं, भिंगरीनं, सात ठिपके मोजून काढून घेतला होता.

“आत्या, सॉरी,” ती म्हणाली. “मला वाटलं, तू जाऊ नयेस...”

आत्यानं तिला जवळ ओढलं, जोरात, दुखेल इतकं. दुसऱ्या हातात तो फोटो होता. ती त्या हसणाऱ्या तोंडाकडे बराच वेळ पाहत राहिली, एखादी शिवण कुठे उसवलीय ते शोधावं तशी. मास्तर उठून उभे राहिले. आता ती ओरडेल, निघून जा म्हणेल, पोलिसांना फोन करेल, याची ते वाट पाहत होते. बहुतेक चार वर्षं पाहत होते.

“ऑक्टोबर होता,” आत्या म्हणाली. आवाज अगदी साधा होता, भाजीवालीशी बोलावं तसा. “पाणी गार होतं का हो, मास्तर?”

मास्तरांनी खोलीभर पाहिलं, जणू कुठल्यातरी भिंतीवर उत्तर लावलेलं असेल.

“मला माहीत नाही,” ते म्हणाले. “मी पाण्यात उतरलोच नाही.”